दूध घातलेली कॉफीही कॉफीच

ठाण्यात नुकतंच एका कॉफीतज्ज्ञांचं भाषण ऐकलं. तासभर ते एकच गोष्ट पटवत होते, की आपल्यासारख्यांच्या घरात चांगली कॉफी होऊच शकत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मराठी माणूस कॉफी पीतच नाही, तो कॉफीच्या वासाचं गोड दूध पितो. दूध, साखर आणि वर जायफळ पडलं की बीचा मूळ स्वाद मेला. खरी कॉफी काळी, बिनसाखरेची आणि हलक्या भाजणीची. ती करायची तर दळायचं यंत्र हवं, ग्रॅम दाखवणारा काटा हवा, लांब चोचीची किटली हवी आणि ऐपत असेल तर एस्प्रेसोचं यंत्र हवं. ज्याला हे जमत नाही त्यानं कॅफेत जावं आणि घरी चहावर भागवावं. या वाक्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत डोंबिवली-कल्याणहून आलेली मंडळीही होती, आणि मला राग आला तो त्या टाळ्यांचा.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढतो. सकाळची लोकल गाठणाऱ्याला कॉफीसाठी वेळ नसतो, असं ते म्हणाले. पितळेचा किंवा स्टीलचा फिल्टर रात्री लावून ठेवला की सकाळी डिकॉक्शन तयार असतं, दूध तापायला लागेल तेवढाच वेळ. जागा नसते म्हणाले. फिल्टरला ओट्यावर एका पेल्याएवढी जागा लागते. खर्चाचं म्हणाल तर साधा फिल्टर काही शे रुपयांत येतो आणि नातवंडांपर्यंत टिकतो. आपल्याकडे कॉफीची परंपरा नाही हे तर धडधडीत खोटं आहे. इंडिया कॉफी हाऊसची सुरुवात १९३६ साली मुंबईत चर्चगेटला झाली. लोण्यामुळे घराघरांत पोचलेल्या पोलसनचा मूळ व्यवसाय मुंबईत कॉफी दळून विकण्याचा होता. उपासाला कॉफी, परीक्षेच्या जागरणाला कॉफी, लग्नघरात पाहुण्यांसाठी कॉफी, हे सगळं काय आहे मग? अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत हे तरी या गृहस्थांना माहीत असायला हवं होतं.

आता दुधाकडे येतो, कारण खरी मेख तिथेच आहे. शुद्ध कॉफी म्हणजे काळी कॉफी हा नियम कोणी केला आणि कधी केला? कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाचं. तिथे अनेक भागांत कॉफीत मीठ घालतात, लोणी घालतात. तिथून ती येमेनला गेली आणि अरबांच्या घरी तिच्यात वेलची पडली. आजही अरब घरात पाहुण्याला कहवा मिळतो तो वेलचीचाच. तुर्कस्तानात साखर आधीच भांड्यात घालून कॉफी उकळतात. व्हिएन्नात तिच्यावर साय आली, फ्रान्समध्ये ती वाडगाभर दुधात मिसळली, इटलीत कॅपुचिनो झाली. सांगतात ते असं, की सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. त्या बिया आल्या त्याच मुलखात कॉफीबरोबर मसाला नांदत होता. म्हणजे जायफळाची कॉफी पिणारी आपली आजी कॉफीच्या सर्वांत जुन्या रीतीला धरून होती. काळ्या, हलक्या भाजणीच्या कॉफीचा आजचा आग्रह त्या मानानं कालचा आहे. तो पाश्चात्त्य शहरांतल्या कॅफेंतून इथे आला. येऊ दे, त्याला माझी हरकत नाही. पण तो पाहुणा म्हणून यावा, घरमालकाला बाहेर काढायला येऊ नये.

दुधामागे बीचंही कारण आहे, आणि तज्ज्ञ म्हणवणाऱ्यानं ते गाळणं मला अक्षम्य वाटतं. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचा वाटा सुमारे ७० टक्के. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, कडवटपणा जास्त असतो आणि अंगाला ती दाट असते. अशी बी गडद भाजून, तिचं दाट डिकॉक्शन काढून त्यात दूध घातलं की दुधातली प्रथिनं कॉफीतल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात. तुरटपणा खाली बसतो आणि भाजणीचा खमंगपणा वर येतो. दक्षिणेतल्या घरांनी ही जोडी पिढ्यान् पिढ्या चाखून जुळवली. माटुंग्याच्या उडुप्यांनी ती मुंबईला दिली आणि माटुंगा-चेंबूरची तमिळ, कन्नड, मल्याळी कुटुंबं मुलुंड, ठाणे, डोंबिवलीकडे सरकली तशी ती आपल्या जिन्यांत येऊन पोचली. डोंबिवलीच्या कितीतरी इमारतींत मराठी घराला फिल्टर कसा लावायचा हे शेजारच्या मामींनी शिकवलं. ही देवाणघेवाण हीच आपल्या भागाची कॉफीची संस्कृती आहे, आणि तासाभराच्या भाषणात तिच्यासाठी एक वाक्य खर्च झालं नाही.

उंच डोंगरावरची, धुतलेली, हलकी भाजलेली अरेबिका हाती आली तर तिच्यात दूध घालू नये, हे मलाही मान्य आहे. तिची फुलाफळांसारखी आंबटगोड चव दुधात बुडते. पण एका बीचा नियम सगळ्या बियांना लावून एका समाजाच्या जिभेला अडाणी ठरवणं हा अभ्यास नाही.

ही शुद्धीची हौस आपल्याला नवी नाही. १८९० साली पुण्यात मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून केवढं ग्रामण्य माजलं होतं आणि किती थोरामोठ्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तेव्हा पेला कोणाच्या घरचा हा वाद होता, आता पेल्यात दूध का हा आहे. दोन्हीकडे वाद घालणाऱ्याला पेयाशी कर्तव्य नसतं, कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवायचा अधिकार हवा असतो. मागे मिसळीवरून, त्याआधी उकडीच्या मोदकांवरून अशीच भांडणं झाली. त्या वेळी गप्प बसलेले लोक आज कॉफीवरून ऐकून घेत आहेत.

जायफळाबद्दल एवढंच, की दोष जायफळाचा नाही, ते तासभर उकळत ठेवणाऱ्याचा आहे. त्याचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलात असतो. दुधाबरोबर उकळलं तर तो वाफेवर जातो आणि मागे उग्रपणा राहतो. कप भरल्यावर वरून चिमूटभर किसलं तर कॉफी आणि जायफळ दोन्ही कळतात. आणि हे जायफळ आपल्याच कोकणात पिकतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्याची ‘कोकण सुगंधा’ नावाची जात काढली आहे.

आता भाषणात जे आलंच नाही त्याकडे वळतो. काळ्या कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि त्या तासाभरात पाण्याचा उच्चार झाला नाही. ठाण्याला पाणी येतं ते भातसा आणि उल्हास नदीचं, कल्याण-डोंबिवलीला उल्हासचं आणि काही भागात बारवी धरणाचं. पावसानं भरलेल्या या धरणांच्या पाण्यात क्षार बेताचे असतात आणि कॉफीला नेमकं तसंच पाणी लागतं. कॉफीच्या व्यवसायातली मंडळी दर लिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम क्षार आदर्श मानतात आणि ७५ ते २५० चालवून घेतात. असं चांगलं पाणी आपण आरओ यंत्रातून काढतो, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घालवतो आणि मग कॉफी पाणचट लागते म्हणून पावडरीला बोल लावतो. जिथे पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आहे तिथे आरओवर बंदी आणावी, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ सालीच सांगितलं होतं. बोअरवेलच्या टँकरवर दिवस काढणाऱ्या इमारतींची गोष्ट वेगळी. तिथलं पाणी जड असू शकतं आणि तिथे आरओचं आणि नळाचं पाणी मिसळून घेणं बरं. बाकीच्यांनी साधं गाळून उकळलेलं पाणी घ्यावं. लाखाच्या यंत्रात मेलेलं पाणी ओतून जे मिळणार नाही ते या पाण्यात मिळतं.

राहिली कृती, आणि ती छोटीच आहे. पावडर ताजी दळलेली घ्या, एका वेळी १०० ते २०० ग्रॅमच, पंधरा दिवसांत संपेल एवढी, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्या भागात दळून देणारी दुकानं आहेत. नसेल जवळ तर धिम्या लोकलनं माटुंग्याला उतरा. चिकोरी २० टक्क्यांच्या वर नको. ती एका झाडाची भाजलेली मुळं आहेत, तिच्यात कॅफीन नसतं, आणि कायद्यानं ४९ टक्क्यांपर्यंत घालता येत असल्यामुळे विकणारे ती सढळ हातानं घालतात. फिल्टरच्या वरच्या भांड्यात २० ग्रॅम पावडर घ्या, दट्ट्या हलकाच टेकवा, उकळी येऊन मिनिटभर थांबलेलं सव्वाशे मिलिलिटर पाणी गोल फिरवत ओता आणि झाकण लावून विसरून जा. डिकॉक्शन पुन्हा उकळू नका. एका भागाला दोन ते तीन भाग, नुकतं उकळलेलं म्हशीचं किंवा गाईचं दूध, साखर आपल्या आवडीनं.

काटा आणि लांब चोचीची किटली ज्यांना हवी त्यांनी जरूर घ्यावी, त्यांच्या कॉफीलाही मी चांगलं म्हणेन. पण ज्यांच्या घरात आजीचा फिल्टर माळ्यावर पडला आहे त्यांनी तो आज खाली काढावा, चाळणीची भोकं दाभणानं मोकळी करावीत, आणि पुढच्या वेळी अशा भाषणाला गेल्यावर टाळ्या वाजवण्याआधी वक्त्याला पाण्याबद्दल विचारावं.