उत्तरेच्या मैदानातील हवामानाचा अंदाज आणि गव्हाची पेरणी

नैर्ऋत्य मोसमी वारे राजस्थानच्या पश्चिम भागातून सप्टेंबरच्या मध्यास परतू लागतात व ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सर्व देशातून त्यांची माघार होते. त्यानंतर पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व बिहार या मैदानी प्रदेशात आकाश निरभ्र होते, दिवस उबदार राहतात आणि रात्री झपाट्याने थंड होत जातात. आश्विन-कार्तिकाचा हा काळ दिसावयास शांत असला तरी शेतीच्या दृष्टीने वर्षातील अत्यंत घाईचा असतो. एकीकडे भाताची कापणी आटोपावयाची व दुसरीकडे गहू पेरावयाचा. हवामान विभागाचे मासिक व हंगामी अंदाज याच सुमारास प्रसिद्ध होतात आणि थंडी लवकर पडणार की उशिरा, पाऊस होणार की नाही, याची चर्चा गावोगाव सुरू होते.

ही चर्चा स्वाभाविक आहे. परंतु अंदाजाकडून जे मिळण्यासारखे नाही ते मागितले जाते आणि जे मिळते त्याचा उपयोग होत नाही, ही उणीव दूर व्हावयास हवी.

हंगामी अंदाजाचा अर्थ प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. मागील अनेक वर्षांचे तपमान चढत्या क्रमाने लावून त्याचे तीन समान गट पाडले, तर थंड, सर्वसाधारण व उष्ण असे तीन वर्ग होतात. कोणतीही माहिती हाती नसताना प्रत्येक वर्गाची शक्यता तीनांत एक इतकी असते. अंदाजात उष्ण वर्गाची शक्यता ५० टक्के सांगितली, तर उष्णतेकडे पारडे झुकले आहे एवढाच त्याचा अर्थ. उरलेले ५० टक्के दुसऱ्या बाजूस असतातच. गावातील कार्यकर्त्याने मात्र ‘यंदा थंडी पडणार नाही’ असे ठाम सांगितले आणि पुढे कडाक्याची थंडी पडली, तर दोष अंदाजावर येतो व पुढच्या वेळी गारपिटीचा खरा इशारा दिला तरी शेतकरी त्याकडे कानाडोळा करतो. शब्दातील ही ढिलाई म्हणूनच महाग पडते.

या मैदानातील गव्हाचे भवितव्य पेरणीच्या तारखेशी बांधलेले आहे. दिवसरात्रीचे सरासरी तपमान २० ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आले की उगवण चांगली होते. पंजाब-हरियाणाच्या बागायती पट्ट्यात नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा वेळेवरच्या पेरणीस उत्तम मानला जातो. महिनाअखेरीनंतर पेरणी जसजशी लांबते तसतसे उत्पन्न घटते. ही घट दर दिवशी सुमारे १ टक्का धरली जाते. उशिरा पेरलेल्या पिकाचे दाणे भरण्याची वेळ मार्चच्या उन्हात सापडते, हे त्याचे मुख्य कारण होय.

पेरणीस उशीर होण्यामागे हवामानाखेरीज अन्य कारणेही आहेत. भूगर्भातील पाणी वाचविण्यासाठी पंजाब व हरियाणा या राज्यांनी २००९ मध्ये कायदे करून भाताची लवकर लावणी बंद केली. हेतू योग्यच होता. परंतु लावणी पुढे गेल्याने कापणीही पुढे गेली आणि भात व गहू यांमधील अवधी तोकडा झाला. या घाईत शेतातील पेंढा व बुडखे पेटवून दिले जातात. याच दिवसांत वारे मंदावतात, रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि धूर वर न जाता खालीच कोंडून राहतो. बुडखे उभे असतानाच गहू पेरणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत. त्यांनी मशागतीचे दिवस वाचतात, जमिनीतील ओल टिकते व पेंढ्याचे आच्छादनही होते. वारे शांत राहणार असा अंदाज असेल, तेव्हा या यंत्रांची पाळी गावाने आधीच लावून ठेवावी. अंदाजाचा खरा उपयोग तो हा.

२०२२ व २०२३ या दोन वर्षांचा अनुभव या बाबतीत लक्षात घेण्यासारखा आहे. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तपमान १९०१ पासूनच्या नोंदींत तोपर्यंतचे सर्वांत अधिक ठरले. गव्हाचे दाणे बारीक राहिले आणि १३ मे २०२२ रोजी शासनास गव्हाची निर्यात थांबवावी लागली. मार्च २०२३ मध्ये उलट वादळी पाऊस व गारपीट होऊन उभे पीक लोळले. लागोपाठच्या दोन वर्षांत दोन परस्परविरुद्ध आपत्ती आल्या. त्यांपैकी एकीचीही तारीख आदल्या कार्तिकात कोणी सांगू शकले नसते. उष्णतेपासून पिकाचा बचाव करण्याचे जे साधन शेतकऱ्याच्या हाती होते, ते वेळेवर पेरणी व योग्य वाण हेच होते. थंडीची वाट पाहत पेरणी लांबविणे, अथवा अंदाज अनुकूल आहे म्हणून निर्धास्त राहणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच धोक्याच्या आहेत.

म्हणून निर्णयांची विभागणी करावी. वाण कोणता, बियाणे व खत केव्हा आणावे, यंत्र कोणाकडून मिळवावे, हे हंगामी अंदाज पाहून ठरवावे. पेरणीचा आठवडा निवडताना दर गुरुवारी निघणारा पुढील चार आठवड्यांचा अंदाज पाहावा. पाणी, फवारणी व खताचा हप्ता यांसाठी मंगळवारी व शुक्रवारी मिळणारा जिल्ह्याचा पाच दिवसांचा कृषिहवामान सल्लाच आधारास घ्यावा. गव्हास पहिले पाणी पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना द्यावयाचे असते. त्याच दिवसांत भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचा पाऊस अपेक्षित असेल, तर दोन दिवस थांबल्याने पाणी वाचते व पीकही पिवळे पडत नाही.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही या मैदानाकडे लक्ष ठेवणे अगत्याचे आहे. विक्षोभ पूर्वेकडे सरकला की त्याच्या मागून येणारे कोरडे, थंड वारे मध्य भारत ओलांडून खानदेश व नाशिककडे उतरतात. निफाड परिसरातील द्राक्षांच्या मण्यांना तडे जाण्याची भीती असते ती याच दिवसांत. येथील हिवाळा उत्तरेपेक्षा आखूड असल्याने गव्हाची पेरणी लांबविण्यास येथे वाव आणखी कमी आहे.

कृषिहवामानशास्त्राच्या अभ्यासास या देशात १९३२ मध्ये पुणे येथे डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली संघटित प्रारंभ झाला. तेव्हापासून साधने पुष्कळ वाढली. परंतु अंदाज आणि शेत यांमधील शेवटचे अंतर आजही माणसालाच तोडावे लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने चावडीच्या फळ्यावर तीन गोष्टी लिहाव्यात : अंदाज काय, त्याची शक्यता किती, आणि त्यावरून या आठवड्यात करावयाचे काम कोणते. हंगाम संपल्यावर अंदाज किती वेळा खरा ठरला याचा हिशेबही त्याच फळ्यावर मांडावा. चुकलेला अंदाज झाकून ठेवला नाही, तर खरा ठरलेला अंदाज सांगताना कोणी शंका घेणार नाही.