आधी क्रम, मग तक्ता

लग्नघरातली आहेराची वही आठवून पाहा. पाकिटे हाती येतील तशी नावे लिहिली जातात. पुढे ‘मामांकडचे’, ‘आत्याकडचे’, ‘ऑफिसातले’ असे गट पाडायचे म्हटले, की सगळी वही नव्याने उतरवावी लागते. संगणकावरही असेच काम वारंवार निघते.

समजा, एका गृहनिर्माण संस्थेने देखभाल खर्चाच्या पावत्या डेटाबेसमध्ये नोंदवल्या आहेत : सदनिका क्रमांक, तारीख आणि रक्कम. सदस्यांसाठी वेबपानावर तक्ता हवा. प्रत्येक सदनिकेचे शीर्षक एकदाच, खाली तिच्या पावत्या, शेवटी बेरीज. लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणलेल्या पर्ल भाषेत हे मोजक्या ओळींत साधते.

मेख आहे ती क्रमात. सांगितल्याशिवाय डेटाबेस नोंदी ठरावीक क्रमाने देईलच असे नाही. म्हणून नोंदी मागवतानाच ‘ऑर्डर बाय’ लिहून आधी सदनिका, मग तारीख असा क्रम लावून घ्यावा. मग प्रोग्राम एकेक नोंद वाचतो आणि मागच्या नोंदीचा सदनिका क्रमांक लक्षात ठेवतो. क्रमांक तोच असेल, तर तक्त्यात नुसती ओळ वाढते. बदलला, की आधीची बेरीज छापून नवे शीर्षक येते.

क्रम लावला नाही तर? एकाच सदनिकेचे शीर्षक दोनदा येते, बेरीज दुभंगते आणि पैसे भरलेला सदस्यही थकबाकीदार दिसू लागतो! आणखी एक पथ्य : शेवटच्या सदनिकेनंतर क्रमांक बदलतच नाही. तिची बेरीज सर्व नोंदी संपल्यावर आठवणीने छापावी लागते.

दुसरी रीत पर्लमधल्या ‘हॅश’ची. प्रत्येक सदनिकेचा एक कप्पा करून पावत्या त्यात टाकायच्या. मात्र कप्पे बाहेर काढताना ‘सॉर्ट’ विसरू नये. २०१३ साली आलेल्या ५.१८ या आवृत्तीपासून तर कप्प्यांचा क्रम प्रोग्राम चालवाल त्या प्रत्येक वेळी वेगळा येऊ शकतो.

तक्ता सदस्यांपुढे ठेवण्याआधी दोन गोष्टी पडताळून पाहा. सगळ्या बेरजा मिळून मूळ नोंदींच्या एकूण रकमेइतक्या होतात ना? आणि शीर्षके तितकीच आहेत ना, जितक्या सदनिकांच्या पावत्या नोंदल्या आहेत? नुसती एकूण रक्कम जुळली म्हणून निर्धास्त राहू नका. दुभंगलेला हिशेबही एकूण रकमेत बिनबोभाट जुळतो.