पाण्यात सापडलेलं ढोर

नदीला पूर येऊन गेला की पंचनाम्यात एक वाक्य ठरल्यासारखं उतरतं: ‘सदर जनावर पुराच्या पाण्यात बुडून मयत.’ तलाठी ते लिहितो, पंच सह्या करतात आणि कागद तहसीलकडे जातो. जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट-समुद्रपूरकडे वणा आणि वर्धा नदीच्या काठची गावं पाण्याखाली गेली, तेव्हाही कागद असेच हलले. त्या वाक्यातला एक शब्द मला खटकतो. जनावर पाण्यात सापडलं, हे पंचांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ते बुडून मेलं, हे मात्र कुणीच पाहिलेलं नसतं.

हा कीस काढण्याचं कारण पैशापासून सुरू होतं. केंद्राच्या आपत्ती निकषांत २०२२ ते २०२६ या काळासाठी दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,००० आणि शेळीला ४,००० रुपये धरले होते. आर्वी-कारंजा पट्ट्यातली चांगली गवळाऊ जोडी या रकमेत येत नाही, हे बाजार माहीत असलेला कुणीही सांगेल. तरी हंगामाच्या तोंडावर बैल गेलेल्या घरात एवढ्या पैशानेही पेरणी निभते. हा पैसा एका कागदावर अडतो, विम्याचा तर हमखास अडतो. शवविच्छेदनाचा अहवाल आणि कानातला बारा आकडी बिल्ला नसेल तर दावा पुढे सरकत नाही. त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरवर माणुसकीचा दबाव येतो आणि ‘बुडून’ लिहून तो मोकळा होतो. त्याला दोष देणं सोपं आहे. पण एक डॉक्टर, अनेक गावं, चिखलाचा रस्ता आणि दोन दिवसांचं फुगलेलं शव, या परिस्थितीत तो काय तपासणार?

बुडून आलेलं मरण ओळखणं मुळातच अवघड आहे. माणसांच्या न्यायवैद्यकातही ते सर्वात कठीण निदानांपैकी एक मानलं जातं. बुडण्याची अशी एकही खूण नाही, जी फक्त बुडण्यातच दिसते. जिवंत जनावर पाण्यात गुदमरताना जोराने श्वास ओढतं. पाणी, हवा आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव घुसळला जाऊन बारीक पांढरा, कधी गुलाबीसर फेस तयार होतो. तो नाकपुड्यांतून येतो आणि पुसला तरी पुन्हा येतो. छाती उघडली की फुप्फुसं फुगलेली, हृदयावर चढलेली, बरगड्यांचे वळ उमटलेली दिसतात आणि बोटाने दाबलं तर खळगा राहतो. श्वासनलिकेच्या खोल फांद्यांत गाळ किंवा पाणवनस्पती सापडली तर संशय बळावतो. पण फेस विषबाधेतही येतो. कपाशीवर फवारलेलं फॉस्फरसयुक्त कीटकनाशक जनावराच्या पोटात गेलं तर फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडाला फेस येतो. हृदय बंद पडतानाही फुप्फुसं ओली होतात. शिवाय मेलेलं जनावर वाहत्या पाण्यात पडून राहिलं तर गाळ-पाणी आपोआप आत शिरतंच.

गाई-बैलांच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. मेल्यावरही कोठीपोटातलं आंबणं थांबत नाही. पावसाळी उष्म्यात काही तासांतच वायूने पोट ताणतं आणि आतला अर्धवट चावलेला चारा अन्ननलिकेतून वर येऊन घशात, कधी श्वासनलिकेतही उतरतो. घाईत पाहणाऱ्याला तो नदीतला पाला वाटतो. माणसाच्या हातापायांची कातडी पाण्याने सुरकुतते तशी खूण केसाळ जनावरात दिसत नाही. मुळात ती खूणही फक्त शरीर पाण्यात होतं एवढंच सांगते.

मग उरते डायटमची तपासणी. डायटम म्हणजे पाण्यातलं एकपेशीय शैवाल, ज्याचं कवच सिलिकाचं असतं आणि सहजी कुजत नाही. जिवंत प्राण्याच्या फुप्फुसात पाणी शिरलं की वायुकोषांच्या फाटलेल्या भिंतींतून हे सूक्ष्म जीव रक्तात जातात. हृदय अजून चालू असतं, ते त्यांना थेट हाडाच्या मगजापर्यंत नेऊन पोचवतं. मेलेल्या शरीरात रक्त फिरत नाही, म्हणून मगजात डायटम पोचायला नकोत. प्रयोगशाळेत मांडीच्या हाडातला मगज तीव्र नायट्रिक आम्लात विरघळवतात. उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याच जागच्या पाण्याच्या नमुन्याशी ताडतात. पद्धत देखणी आहे, पण तिचाही आंधळा विश्वास धरू नये. सुरी किंवा बाटली नळाच्या पाण्याने धुतली असेल तर बाहेरचे डायटम नमुन्यात येतात. खोल, अंधाऱ्या विहिरीत ते मुळात कमी असतात, कारण त्यांना उजेड लागतो. म्हणून मगजात काही सापडलं नाही, एवढ्यावरून जनावर बुडालं नाही असं म्हणता येत नाही. बाकीची कारणं एकेक करून खोडत जायचं आणि उरेल ते मोजून-मापून लिहायचं, हीच खरी रीत.

ही रीत पाळली नाही तर काय होतं ते पाहा. पावसाच्या पहिल्या महिन्यांत घटसर्प येतो. ताप चढतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो आणि काही तासांत जनावर संपतं. तापाने तहानलेलं ढोर नाल्याकडे जातं आणि तिथेच पडतं. पंचनाम्यात ते ‘बुडून’ होतं. कोठ्यातल्या बाकीच्या जनावरांना लस टोचायची आठवण कुणाला राहत नाही आणि आठवड्यात दुसरं ढोर जातं. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, हा रोग असेल तर प्रकरण माणसावर येतं. नाकातोंडातून काळसर, न गोठणारं रक्त आलेलं शव उघडायचंच नसतं. हवा लागली की त्या जंतूचे बीजाणू तयार होतात आणि मातीत कित्येक दशकं टिकतात. तिथे आधी कानाच्या शिरेतल्या रक्ताचा एक ठिपका काचेवर घेऊन तपासायचा असतो. एवढं एक पाऊल चुकलं तर शव फाडणारा, ओढणारा, कातडं काढणारा, सगळेच धोक्यात येतात.

रानातल्या जनावरांचा प्रश्न वेगळा आणि मला जास्त अस्वस्थ करणारा आहे. २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या भोवती शेतं, कालवे आणि कठडा नसलेल्या विहिरी आहेत. विहिरीत पडलेला बिबट्या किंवा नीलगाय बुडालेलीच असेल, हे बहुतेक वेळा खरं असतं. बहुतेक वेळा, दर वेळी नाही. ब्रह्मपुरीकडून पकडून बोरमध्ये सोडलेली वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीच्या शिवारात विजेच्या कुंपणाला लागून मेली. ते शव शेतात सापडलं म्हणून कारण कळलं. रानडुकरांसाठी तारेत सोडलेल्या विजेने मेलेलं जनावर रातोरात विहिरीत किंवा कालव्यात ढकललं तर? शॉकची जळखूण केसांखाली सुपारीएवढीही नसते, आणि पाण्यात भिजून कातडी सुटू लागली की तीही जाते. वाघाच्या बाबतीत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा दंडक चांगला आहे: उलट सिद्ध होईपर्यंत मृत्यू शिकारीचाच समजायचा. रानडुक्कर, नीलगाय, चितळ यांच्यासाठी असा दंडक नाही. पाळीव जनावर कुणी मारून पाण्यात टाकलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण पाण्यात पडण्याआधी ते जिवंत होतं की मेलेलं, हे न सांगणाऱ्या अहवालावर खटला उभा राहत नाही.

वर्ध्याला ही बाब नवी वाटू नये. इथल्या नालवाडीच्या चर्मालयात गांधीजींच्या प्रेरणेने मेलेल्या जनावरांचं कातडं कमावलं जाई. जनावर कापलेलं की आपल्या मरणाने मेलेलं, हा फरक तिथे महत्त्वाचा होता. १९४१ मध्ये जमनालालजी बजाजांनी गोसेवेचं संघटित काम वर्ध्यातच उभं केलं. मेलेल्या ढोराकडे लक्ष देणं हे हलकं काम नाही, असं आचरणाने सांगणारा हा जिल्हा आहे.

माझं म्हणणं असं. पुरात गोठा बुडाल्याचा पंचनामा झाला असेल तर मदतीसाठी बुडण्याचा वैद्यकीय पुरावा मागू नये. शेतकऱ्याचा पैसा आणि डॉक्टरचं निदान या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. मग डॉक्टरला खोटं लिहावं लागणार नाही. ‘पाण्यात सापडले, कारण निश्चित करता आले नाही’ हे वाक्य अहवालात सन्मानाने लिहिता आलं पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या पशुचिकित्सालयात जूनच्या आधी काचपट्ट्या, ऊर्ध्वपातित पाण्याने धुतलेल्या बाटल्या आणि हाड पाठवायच्या पिशव्या ठेवाव्यात. खर्च फारसा नाही. नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, अंतर दोन तासांच्या आतलं. हाड आणि त्याच जागचं पाणी, दोन्ही नमुने एकत्र जायला हवेत, नाहीतर डायटमची तपासणी निरर्थक ठरते.

आणि वाचकहो, तुमच्याकडूनही दोन गोष्टी हव्यात. पाण्यात ढोर सापडलं तर ते ओढून खड्ड्यात टाकण्याआधी १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा आणि नाकातोंडातून रक्त येत असेल तर हात लावू नका. दुसरं, नदीकाठच्या कोठ्यात रात्री पाणी चढण्याचा इशारा आला की आधी दावी सोडा. गाई-बैलांना पोहता येतं, बांधलेल्या ढोराला मात्र वाट नसते.