लक्षण म्हणजे निदान नव्हे

कर्करोगाची लक्षणे वेळीच ओळखा, हा उपदेश आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे, आणि तो योग्यही आहे. परंतु लक्षण दिसणे आणि रोगाचे निदान होणे यांतील अंतर पुसले गेले म्हणजे केवढा अनर्थ ओढवतो, याचा दाखला बीड जिल्ह्याने दिला आहे. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. जिल्ह्यातील पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील कित्येकींनी चाळिशीही ओलांडलेली नव्हती.

हे का घडले? दसरा उलटला की धारूर, केज, वडवणीकडील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यांची वाट धरतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. खाडा झाला की दंड. फडावर ना शौचालय, ना आडोसा, ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे या तक्रारी जडणारच. त्या घेऊन दवाखान्यात गेलेल्या अनेकींना ‘पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’, एवढेच ऐकविले गेले. रोगाचे नाव उच्चारले गेले. तपासणी मात्र झाली नाही.

वस्तुतः पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे चिन्ह असते आणि ते औषधांनी बरे होते. दोन पाळ्यांच्या मध्ये वा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित स्राव, ही चिन्हे दिसताच तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. परंतु तीही संशयाची चिन्हे होत, शिक्षा नव्हे. तुकडा काढून तपासल्यावाचून कर्करोग ठरत नाही. उलट तरुणपणी गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर हाडे अकाली ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. एका रोगाच्या भयाने दुसरे रोग विकत घेण्याचा हा व्यवहार आहे.

याहून खेदाची गोष्ट ही, की तपासणीची वाट दाखविणारे काम शेजारच्याच मुलखात झाले होते. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या स्रावातील एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. हा रोग पूर्वावस्थेत अनेक वर्षे लक्षणांवाचून राहतो. म्हणूनच चाचणीचे मोल अधिक. ज्ञान बालाघाटापलीकडे नव्हते. ते फडापर्यंत पोचविण्याची तजवीज नव्हती.

अशा शस्त्रक्रियांपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन बीडमधील खासगी रुग्णालयांवर आले. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अंगीकारण्याचा आदेश राज्यांना दिला. हे उपाय आवश्यक होत. पण केवळ परवानगीच्या कागदाने भय जात नाही. मजूर गावी परततात तेव्हा आणि पुन्हा निघण्यापूर्वी, गावातच तपासणी झाली पाहिजे. कारखान्यांनी फडावर पाणी व शौचालये दिली पाहिजेत. आजारपणाच्या खाड्याला दंड असता कामा नये.

आणि गावातील शिकलेल्या माणसाचेही एक काम आहे. दवाखान्याचा कागद वाचून घेण्यासाठी लोक आजही गुरुजींकडे, ग्रामपंचायतीतील कारकुनाकडे, महाविद्यालयात शिकणाऱ्या पोराकडे येतात. त्या वेळी त्यांनी एवढेच विचारावे: तपासणी झाली काय? तिचा अहवाल कोठे आहे? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले काय? हे तीन प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही. ते वेळीच विचारले गेले असते, तर कित्येक स्त्रियांची शस्त्रक्रिया टळली असती.