खेळातले शहर आणि आपले

संगणकावर शहरे वसवून ती सजवीत बसणाऱ्या मुलांविषयी आमच्या स्टाफरूममध्ये एक तक्रार नेहमी ऐकू येते : आम्ही दिवाळीत मातीचे किल्ले केले, ही पिढी मात्र पडद्यावर झाडे लावते. या तक्रारीतले स्मरणरंजन मी समजू शकतो. तिच्यातली तुच्छता मला मान्य नाही.

किल्ल्यावर अळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवायची, पायथ्याशी विहीर नि बाजारपेठ मांडायची, मावळा दरवाजापेक्षा उंच झाला तरी ते खटकू द्यायचे नाही, हीदेखील सजावटच होती. फिनलंडमध्ये तयार झालेला 'सिटीज : स्कायलाइन्स' (२०१५) हा खेळ तीच हौस पुरवतो, मात्र एक अट घालतो. त्यातले पाणी खरोखर वाहते. भराव घालून नदीचे पात्र आवळले आणि काठावर बागा, पायवाटा मांडल्या, तर पाणी तुंबते, काठावर चढते आणि सारी आरास बुडते. मुलगा भराव काढतो, नव्याने मांडणी करतो. हे शिक्षण नव्हे काय?

या खेळात एक असत्यही आहे, ते मान्य केले पाहिजे. तिथे झाड एका क्लिकसरशी उभे राहते, तेही पूर्ण वाढलेले. काल जिथे वृक्ष होता तिथे आज रस्ता आणि वृक्ष पलीकडे, इतका तो व्यवहार सोपा.

आता नाशिककडे पाहावे. गोदाकाठी 'गोदापार्क' सजवला गेला. २ ऑगस्ट २०१६च्या पुरात दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला आणि काठावरच्या त्या सुशोभीकरणाचीही दैना झाली. वस्तुतः पिढ्यान्‌पिढ्या नाशिककर त्या मारुतीवरूनच पुराचे माप घेत आले आहेत. नदी कुठवर येते हे इथे कुणालाच नवे नव्हते. पुढे २०२५च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, लोकांनी विरोध केला, तेव्हा उत्तर मिळाले : एका झाडाच्या बदल्यात दहा लावू.

म्हणजे खेळातले जे सत्य, नदीला जागा लागते हे, ते आम्ही घेतले नाही. जे असत्य, झाड उचलून कुठेही ठेवता येते हे, तेवढे मात्र धोरण म्हणून स्वीकारले. मुलाच्या खेळात बुडालेली बाग कुणाच्या करातून उभी राहिलेली नसते, आणि चुकलेला डाव त्याला पुन्हा मांडता येतो. मुलांना बोल लावण्यापूर्वी आपण प्रौढांनी आपला डाव तपासावा, एवढेच म्हणणे आहे.