भिंतीवरचा लग्नचौक आणि त्यामागची माणसे

(१/१२)
नाशिकमधील अनेक घरांत आज वारली चित्र आढळते : दिवाणखान्याच्या भिंतीवर, पडद्यांवर, चहाच्या कपांवर. हा आदिवासी संस्कृतीचा गौरव आहे, असे मानले जाते. तो गौरव ठरूही शकतो. मात्र त्यासाठी चित्राबरोबर त्याचा इतिहास आणि चित्रकाराचे नावही घरात यावे लागते. हा धागा त्या इतिहासाविषयी.

(२/१२)
वारली समाजाची वस्ती प्रामुख्याने आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांत आहे. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतही वारली पाडे आहेत. नाशिककरांच्या दृष्टीने ही दूरदेशीची नव्हे, शेजारच्या डोंगरांतली कला आहे.

(३/१२)
या चित्रपरंपरेच्या केंद्रस्थानी आहे लग्नचौक. शेणामातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्यभागी पालघट देवी, शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव. धवलेरी ही विधी चालवणारी स्त्री गाण्यांतून देवतांना पाचारण करते. चौकाविना लग्न लागत नाही. येथे चित्र ही सजावट नसून विधीचा भाग आहे.

(४/१२)
ज्या लग्नाचा हा चौक, तेच लग्न वारल्यांच्या गुलामीचे कारण ठरत असे. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी पतिपत्नींनी त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबायचे. अशा वेठबिगाराला ‘लग्नगडी’ म्हणत. ठिपक्यारेषांतील आनंदी वरातीमागे हा व्यवहार उभा होता.

(५/१२)
१९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचे पुस्तक या लढ्याविषयी आहे.

(६/१२)
भिंतीवरची ही चित्रे कागदावर आली ती १९७०च्या दशकाच्या आरंभी. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू परिसरात आले. त्यापूर्वी बिहारमधील दुष्काळाच्या काळात त्यांनी मिथिलेच्या स्त्रियांना कागद दिला होता. डहाणूतही हेतू तोच होता : कलेतून उत्पन्न.

(७/१२)
गंजाड गावच्या जिव्या सोमा म्हशे यांनी विधीच्या चौकटीबाहेर जाऊन रोजचे जीवन रंगवले : शेती, मासेमारी, तारपा नृत्य. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. १९८९ मध्ये पॅरिसच्या एका गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

(८/१२)
या प्रवासात एक गोष्ट मागे पडली. चौक लिहिणारे हात स्त्रियांचे होते. कागदावर, आणि पुढे बाजारात, नावे झाली ती बहुतांशी पुरुषांची. ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या ही रेषा जपली, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव सामान्य ग्राहकाला सांगता येत नाही.

(९/१२)
घरगुती वस्तूंवर आदिवासी चित्रे परस्पर छापण्याचा प्रश्न भारतापुरता नाही. ऑस्ट्रेलियात आदिवासी चित्रकारांची, त्यांच्या श्रद्धेशी जोडलेली चित्रे विनापरवानगी गालिच्यांवर विणून विकली गेली. पवित्र प्रतिमा पायदळी येणे हा आघात होता. १९९४ साली न्यायालयाने चित्रकारांच्या बाजूने निकाल देऊन भरपाई मंजूर केली. वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही कारखान्यात छापलेली ‘वारली’ नक्षी सर्रास विकली जाते.

(१०/१२)
यावर आक्षेप असा की बाजार नसता तर ही कला कधीच संपली असती. त्यात तथ्य आहे. चित्रांच्या विक्रीवर अनेक वारली कुटुंबे उभी राहिली. परंतु हा युक्तिवाद चित्रकाराने विकलेल्या चित्राला लागू पडतो. छापील पडद्याला नाही. त्या पडद्याच्या किमतीतून पाड्यावर काहीच पोहोचत नाही.

(११/१२)
६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून किसान सभेचाच लाँग मार्च निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत पोहोचला. त्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार कसत्या वनजमिनीचे पट्टे ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. ज्या डोंगरशेतीची चित्रे शहराला मोहवतात, तिच्याच सातबाऱ्यासाठी माणसांना पायपीट करावी लागली.

(१२/१२)
म्हणून वारली चित्र घेताना तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी काढले? कोणत्या पाड्यावर? पैसे कोणाला मिळणार? उत्तरे मिळाली तर चित्राखाली चित्रकाराचे नाव लावावे आणि पाहुण्यांनाही ते सांगावे. उत्तरे मिळत नसतील, तर ती वस्तू दुकानातच राहू द्यावी. संस्कृतीचा गौरव माणसाला वगळून होत नसतो.