श्रद्धा, प्रज्ञा आणि लोकशाही

धर्मश्रद्धा आणि लोकशाही राजकारण यांचा संबंध कसा असावा, याविषयी बाबासाहेबांनी आपल्याला स्पष्ट मार्गदर्शन केले आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले होते की, धर्मातील भक्ती कदाचित आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग ठरेल. राजकारणातील भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी प्राचीन भिक्खुसंघाचा दाखला दिला. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम संघाला ठाऊक होते, हे त्यांनी देशाच्या नजरेस आणून दिले.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारणाऱ्या बाबासाहेबांचा श्रद्धेला विरोध नव्हता. बुद्धी गहाण टाकण्याला होता. केवळ परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा मान यांवर विसंबून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपल्यामागे त्यांनी उत्तराधिकारीही नेमला नाही. धम्म आणि विनय यांनाच शास्त्याचे स्थान दिले.

मग आपले वर्तन कसे आहे? एखाद्या उमेदवाराने पुतळ्याला हार घातला आणि व्यासपीठावरून 'जय भीम' म्हटले, की शिष्यवृत्ती वेळेवर का मिळत नाही, हे त्याला विचारायचे आपण विसरतो. विहाराच्या बांधकामाला निधी मिळाला म्हणून चार पदाधिकारी साऱ्या वस्तीची मते परस्पर देऊ करतात. ही धम्मसेवा नव्हे. ज्या हक्कासाठी आपल्या पूर्वजांनी झीज सोसली, त्या हक्काचा हा सौदा आहे.

यावर कोणी म्हणेल, लहान समाजाला एकजूट हवी. प्रश्न विचारत बसलो तर फाटाफूट होईल. एकजूट हवीच. परंतु वज्जींची प्रशंसा करताना बुद्धांनी प्रथम सांगितले ते हे, की ते वारंवार सभा भरवतात आणि एकोप्याने एकत्र येतात. चर्चेतून आलेला एकोपा टिकतो. आदेशाने लादलेला पहिल्याच निवडणुकीत फुटतो.

म्हणूनच आपल्या निवासी शाळेची जबाबदारी मोठी आहे. सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या मुलामुलींना भोजनगृह, ग्रंथालय आणि शिस्त यांविषयी खुल्या सभेत बोलण्याची, मत देण्याची आणि विरोधी मत ऐकून घेण्याची सवय येथेच लागली पाहिजे. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनीही आपापल्या विहारात हाच पायंडा पाडावा: उमेदवार कोणीही असो, त्याने आधी वस्तीच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, मत ज्याने त्याने आपल्या विवेकाने द्यावे.